मळवलीचा दगड, भाज्याचा स्तूप आणि आमच्या घरचा छापखाना

पुणे-लोणावळा लोकल ही आपल्या कष्टकरी वस्त्यांना सांधणारी गाडी आहे. खडकी, दापोडी, पिंपरी, देहूरोड, तळेगाव अशी एकेक स्थानके घेत ती घाटाकडे जाते. लोणावळ्याच्या अलीकडचे शेवटचे लहानसे स्थानक म्हणजे मळवली. पावसाळ्यात तरुण मुले येथे धबधब्यासाठी उतरतात, गड चढणारे लोहगड-विसापूरसाठी उतरतात. आम्ही घरची पाच माणसे गेल्या हिवाळ्यात येथे उतरलो ती एका अभ्यासासाठी. त्या एका दिवसातून आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पुढे जे घडले, ते वाचक बंधू-भगिनींना सांगावे, विशेषतः ज्यांच्या घरात चित्र काढणारे मूल आहे त्यांना सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची थोरली मुलगी पुण्यात चित्रकला शिकते. यंदा तिला छापचित्र हा विषय होता. लाकूड, लिनो, धातूचा पत्रा किंवा दगड यांवर चित्राचा ठसा तयार करायचा, त्याला शाई लावायची आणि ते कागदावर उमटवायचे, याला छापचित्र म्हणतात. रंगवलेले चित्र एकच असते. छापचित्राच्या एका ठशातून दहा, वीस, पन्नास प्रती निघतात आणि त्यातील प्रत्येक प्रत अस्सल मानली जाते. एखादे स्थळ निवडायचे, तेथे बसून रेखाटने करायची आणि त्यावरून चार छापचित्रे, प्रत्येकाच्या दहा प्रती, असे काम तिला दिलेले होते.

अडचण अशी की महाविद्यालयात छापयंत्र एकच. मुले पुष्कळ, पाळी लवकर येत नाही आणि संध्याकाळी खोलीला कुलूप लागते. घरी यंत्र असण्याचा प्रश्नच नव्हता. चाळीस प्रती होणार कशा, या काळजीने पोर सुकून गेली होती. "हा विषय सोडते, नाहीतर कॉलेजच सोडते आणि कॉम्प्युटरवरचं डिझाइन शिकते," असे ती दोनदा बोलून गेली. तिची आजी, म्हणजे आमच्या आई, शांतपणे म्हणाल्या, "आधी जागा तर बघून या. मंग ठरवा काय ते." आणि ऐंशीच्या घरात असूनही त्या आमच्याबरोबर निघाल्या.

देहूरोडवरून जाताना

गाडी देहूरोडला थांबली तेव्हा आईंनी खिडकीतूनच हात जोडले. २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी येथील विहारात तथागतांच्या मूर्तीची स्थापना केली. ही मूर्ती ब्रह्मदेशातून आणलेली होती. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. पुढे तळेगाव दाभाडे लागते. तेथे बाबासाहेबांचा बंगला आहे. म्हणजे हा लोहमार्ग आपल्याला परका नाही.

गाडी पुढे निघाली आणि आई नातीला जुन्या गोष्टी सांगू लागल्या. १९५६ साली त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. मावळातले खेडे, वडील रेल्वेच्या गँगमध्ये कामाला. दीक्षेनंतर वस्तीची बैठक बसली आणि घराघरांतले देव्हारे हलले. टाक आणि तसबिरी नदीत सोडल्या. "भित्त रिकामी झाली, पोरी. खिळं तेवढं ऱ्हायलं. कितीतरी म्हैनं त्या खिळ्यांना काहीच नव्हतं. मग अण्णांनी पेपरातला बाबासाहेबांचा फोटू कापला, पुठ्ठ्याला खळ लावून चिकटवला आन् तिथं टांगला. वल धरायची भिताडाला, म्हणून पावसाळ्यात काढून ट्रंकेत ठेवायचं."

ही गोष्ट आम्ही पूर्वीही ऐकली होती. पण छापचित्राच्या कामासाठी निघालेल्या मुलीशेजारी बसून ऐकताना तिचा वेगळा अर्थ लागला. आपल्या भिंतीवर काय असावे हे ठरवायला आपण समर्थ झालो होतो. परंतु भिंतीवर लावायला आपल्या हाताने छापलेले काही आपल्याजवळ नव्हते.

मळवलीचा छापखाना

योगायोग पाहा, ज्या मळवलीत आम्ही उतरलो तेथेच एके काळी घरोघरच्या तसबिरी छापल्या जात होत्या. चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत रंगीत चित्रांचा छापखाना काढला आणि काही वर्षांतच तो मळवलीला हलवला. फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने पुढे तो विकत घेतला. लक्ष्मी, सरस्वती आणि पुराणातील कथांची रंगीत चित्रे येथून देशभर गेली. १९७२ साली मोठी आग लागून येथील कारखाना जळाला.

हे काम दगडावर होई. त्याला शिलामुद्रण म्हणतात. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, त्यावर रसायनाचा हात फिरवायचा आणि दगड पाण्याने ओला करायचा. मग तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना धरते, ओल्या जागेला धरत नाही. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या साध्या गोष्टीवर हे सारे उभे आहे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. एका चित्रासाठी अनेक दगड घडवायचे आणि सगळे रंग एकमेकांवर नेमके बसवायचे, म्हणजे केवढी मेहनत!

ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्या झोपडीतही छापलेले चित्र पोचू शकत होते. कागदाला विटाळ नव्हता. परंतु त्या कागदावर काय असावे हे ठरवणारे आपण नव्हतो. ठसा दुसऱ्याचा, चित्र दुसऱ्याचे, आपल्याकडे फक्त विकत घ्यायचे काम. मुलीने स्थानकाबाहेर वहीत एवढेच लिहून ठेवले : मळवली, दगड, तेल आणि पाणी.

भाज्याच्या लेण्यांत

स्थानकापासून भाजे गाव चालत अर्ध्या तासावर आहे. वाटेत पुलावरून द्रुतगती महामार्ग ओलांडावा लागतो. गावातून लेण्यांकडे पायऱ्या चढतात. आईंना धरून, दोन ठिकाणी बसून, आम्ही वर पोचलो.

विसापूरच्या डोंगराच्या कुशीत ही बावीस लेणी आहेत. चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले, म्हणजे सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीचे. दर्शनी बाजूला आता भिंत किंवा दार नाही. पूर्वी तेथे लाकडी काम होते, ते गेले. त्यामुळे पिंपळपानाच्या आकाराची ती मोठी कमान दुरूनच दिसते आणि तिच्या आत स्तूप. दोन्ही बाजूंना मिळून सत्तावीस अष्टकोनी खांब आहेत आणि ते सगळे किंचित आत कललेले. लाकडी इमारतीचे खांब छताचा भार पेलण्यासाठी असे कललेले ठेवत. त्या कारागिरांनी लाकडातली तीच पद्धत दगडात उतरवली. वर छताला लाकडी कमानी आहेत.

स्तूपावर मूर्ती नाही. तथागतांची मूर्ती घडवण्याची रीत सुरू होण्यापूर्वीचे हे लेणे. खाली गोल बैठक, वर अर्धगोल घुमट, त्यावर चौकोनी हर्मिका, एवढेच. आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले. मुलगी मात्र बराच वेळ कमानीसमोर उभी होती. मग म्हणाली, "पप्पा, याच्यात रेघा किती कमी आहेत बघा. हे लिनोत छान कोरता येईल." त्या दिवशी पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला.

दोन-अडीच तास बसून तिने रेखाटने केली. पहिले, कमान आणि स्तूप. दुसरे, शेजारच्या चौदा लहान-मोठ्या स्तूपांचा समूह. हे थोर भिक्खूंच्या स्मृतीचे स्तूप आहेत आणि त्यांपैकी काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. तिसरे, टोकाकडच्या विहारातील वाद्य वाजवणारी स्त्री. तिच्यापुढे दोन वाद्ये आहेत आणि हात त्यांवर टेकलेले. धाकट्याने लगेच मांडीवर ठेका धरून दाखवला.

चौथे रेखाटन अक्षरांचे. भाज्याच्या शिलालेखांत एका बाईचे नाव आहे. तिचे नाव बाधा. ती हालिकाची पत्नी, म्हणजे नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याची बायको. तिने दान दिले म्हणून ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत तिचे नाव दगडावर राहिले. याच लेण्यांत महारठी म्हणवणाऱ्या एका बड्या दात्याने पाण्याचे टाके दान दिल्याचाही लेख आहे. टाके देणारा सरदार आणि नांगरवाल्याची बायको, दोघांची अक्षरे एकाच डोंगरात. मुलीने तो लेख पुस्तकातून उतरवून नेला होता. आईंनी विचारले, "नांगर हाकणाऱ्याच्या बायकूकडं असं काय असंल गं द्यायला?" काय असेल कोण जाणे. पण तिने दिले आणि तिचे नाव लिहिणाऱ्याला ते लिहावेसे वाटले.

एक सूचना येथेच करतो. काही मुले कोरीव कामावर कागद ठेवून पेन्सिल घासतात व छाप घेतात. लेणी हे संरक्षित स्मारक आहे. तसे मुळीच करू नये. डोळ्यांनी पाहावे, हाताने कागदावर काढावे.

वाटी हेच यंत्र

आता घरची गोष्ट. मुलीने ठरवले की यंत्राची वाट न पाहता हाताने घासून प्रती काढायच्या.

ठशासाठी लिनो घेतला. लिनोलियम ही मुळात जमिनीवर अंथरण्याची वस्तू. जवसाचे तेल, बुचाचा भुगा वगैरे मिसळून तागाच्या कापडावर तिचा थर देतात. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात त्याचे तुकडे मिळतात. थंडीत लिनो कडक होतो, कोरणी घसरते. म्हणून ती तो तासभर उन्हात ठेवी आणि मऊ झाला की कोरायला बसे. जे कोरून काढले ते कागदावर पांढरे राहते, जे शिल्लक राहिले ते काळे उमटते. म्हणजे काढायचे काय यापेक्षा ठेवायचे काय, याचा विचार आधी करावा लागतो.

आमच्या घरातला लाकडी पाट तिने उलटा केला आणि एका कडेला पट्टी ठोकली. लिनो त्या पट्टीला टेकवून ठेवला की हलत नाही. कोरणी नेहमी आपल्यापासून दूर चालवायची आणि लिनो धरणारा हात कोरणीच्या मागेच ठेवायचा, हा नियम. धाकट्याला तो पाठ झाला आहे, कारण पाहारेकऱ्यासारखा तोच शेजारी बसे.

शाई छापखान्याच्या सामानाच्या दुकानातून आणली, काळी, तेलाची. जुन्या तसबिरीची काच काढून तिच्या कडांना चिकटपट्टी लावली आणि त्यावर शाई पसरवली. रबरी रूळ एवढी एकच वस्तू जरा महाग पडली. रूळ काचेवर फिरवताना शाई जाड असेल तर चिखलात चालल्यासारखा आवाज येतो. पातळ आणि सारखी पसरली की बारीक चरचर ऐकू येते. तो आवाज आला की शाई ठशावर घ्यायची. महिनाभरात आमच्या घरातल्या सगळ्यांना तो आवाज ओळखता येऊ लागला.

मग ठशावर कागद ठेवायचा, त्यावर तेलकागद आणि वरून स्टीलच्या वाटीच्या बुडाने किंवा चमच्याच्या पाठीने घासायचे. मधून कडेकडे, एकही जागा न सोडता. एका प्रतीला दहा-बारा मिनिटे लागतात. एक कोपरा धरून कागद जरासा उचलून पाहायचा, फिके असेल तेथे पुन्हा घासायचे. सहा-सात प्रतींनंतर पोरीचे मनगट भरून येई.

एका रात्री आई म्हणाल्या, "आण इकडं." त्यांनी वाटी घेतली आणि घासू लागल्या. जन्मभर भाकरी थापलेला हात तो. कुठे किती दाब द्यायचा हे त्याला सांगावे लागले नाही. त्या प्रतीतला काळा रंग सगळ्यांत सारखा बसला. त्यानंतर कोरणे नातीचे, शाई लावणे तिच्या आईचे, घासणे आजीचे आणि प्रती वाळत घालणे धाकट्याचे, अशी वाटणी झाली. रात्री जेवणे उरकली, भांडी झाली की दहा वाजता आमचा छापखाना सुरू होई. खोलीत आडवी दोरी बांधली होती. कपड्यांच्या चिमट्यांनी त्यावर स्तूप लटकत आणि खाली अंथरुणे पडत. तेलाची शाई वाळायला दोन-तीन दिवस घेते. तोवर सगळ्यांनी वाकून चालायचे.

उजवा हात कोणता?

छापचित्रात एक गोष्ट फार जपावी लागते. ठशावर जे असते ते कागदावर उलटे उमटते. आरशात दिसते तसे. अक्षरे सरळ कोरली तर छाप उलटा येतो. म्हणून बाधेच्या नावाची ब्राह्मी अक्षरे मुलीने पारदर्शक कागदावर उतरवली, तो कागद पालथा घातला आणि मग लिनोवर गिरवली. कोरण्यापूर्वी ती दरवेळी ठसा आरशापुढे धरी.

आपल्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. भूमिस्पर्श मुद्रेत तथागतांचा उजवा हात भूमीला टेकलेला असतो. चित्र सरळ कोरले तर छापात डावा हात जमिनीला लागतो आणि मुद्राच बिघडते. बाबासाहेबांच्या पुतळ्यात उजवा हात उंचावलेला आणि डाव्या हातात ग्रंथ असतो. उलट छापात ग्रंथ उजव्या हातात जातो. एवढेच काय, कोटाच्या खिशाला लावलेले पेनही दुसऱ्या बाजूला जाते. घाईत केलेल्या फलकांवर असे उलटे बाबासाहेब आपण पाहिलेही असतील. ज्याला ठसा कसा बनतो हे माहीत आहे, त्याला ते पटकन ओळखता येते.

हाताने घासण्याची परंपरा

"चमच्याने घासलेलं ते काय प्रिंट?" असे मुलीला वर्गात कुणीतरी म्हणाले. त्याचे उत्तर इतिहासातच आहे आणि ते आपल्या धम्माशी जोडलेले आहे.

वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता या सूत्राची एक छापील गुंडाळी चीनमधील तुन-हुआंग येथील लेण्यात सापडली. ती इसवी सन ८६८ मधील आहे. छापल्याची तारीख असलेला हा जगातील सर्वांत जुना संपूर्ण छापील ग्रंथ समजतात. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या आरंभी तथागत उपदेश करीत असल्याचे चित्र आहे. हे सारे लाकडी ठशांवर कोरून छापले. तेव्हा छापयंत्र नव्हतेच. ठशाला शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि पाठीमागून घासायचे, हीच तेथील रीत. आमच्या आईंनी वाटीने केले तेच! शेवटी नोंद आहे की वांग-च्ये नावाच्या माणसाने आपल्या आई-वडिलांसाठी, सर्वांना मोफत वाटण्याकरिता ही प्रत करवून घेतली. छापायचे ते वाटण्यासाठी, हा विचार इतका जुना आहे.

बाबासाहेबांनी छपाईचे हेच मोल ओळखले होते. १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. दुसऱ्याच्या छापखान्यावर विसंबून आपला आवाज टिकत नाही हे जाणून त्यांनी भारतभूषण छापखाना उभा केला. त्याचेच पुढे बुद्धभूषण झाले. २०१६ च्या जून महिन्यात दादरचे आंबेडकर भवन रातोरात पाडले गेले तेव्हा समाज एवढा का पेटून उठला, हे ज्यांना समजले नाही त्यांना छापखान्याचे मोल समजलेले नाही.

चित्रकारांतही अशी माणसे झाली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढणारे चित्तप्रसाद पुढे मुंबईत अंधेरीला एका लहानशा खोलीत राहिले आणि कष्टकऱ्यांची, राबणाऱ्या मुलांची चित्रे त्यांनी लिनोत कोरली. आपल्या नागपूरचे सावी सावरकर बडोद्याला ग्राफिक्स शिकले आणि अस्पृश्यतेचे सारे भोग त्यांनी धातूच्या पत्र्यावर कोरून जगासमोर मांडले. खोली लहान असली म्हणून चित्र लहान होत नाही.

प्रती देण्याचा दिवस

अखेर चाळीस प्रती पूर्ण झाल्या. पद्धतीप्रमाणे मुलीने प्रत्येकीखाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक घातला. १/१० म्हणजे दहांतली पहिली. मध्ये शीर्षक आणि उजवीकडे सही. सही करताना तिने आजीला विचारले, "घासलंस तू, मग तुझं नाव कुठं लिहू?" आई हसल्या. "माझं कशाला? त्या बाधाचं लिहिलंस तेवढं पुरं." तरीही बाधेच्या नावाच्या दहाही प्रतींच्या मागे नातीने आजीचे नाव लिहिले आहे.

महाविद्यालयात शिक्षकांनी भिंग लावून प्रती पाहिल्या. शाई जास्त झाल्यामुळे तीन प्रती बाद केल्या आणि त्या बदलून आणायला सांगितल्या. बाकीच्या घेतल्या. हाताने घासलेल्या प्रतीत काळा रंग यंत्राइतका सपाट येत नाही, कुठे गडद, कुठे दाणेदार येतो. ते हातकामाचे लक्षण आहे, दोष नव्हे, हे त्यांनी वर्गाला समजावले. एका विद्यार्थ्याने विचारले, "तुला बुद्धाशिवाय दुसरा विषय नाही का?" वर्गात गणपतीची चित्रे कितीतरी होती. त्यांच्याबद्दल असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मुलीने तेवढेच शांतपणे दाखवून दिले आणि प्रती भिंतीला लावल्या. कॉलेज सोडण्याचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.

भीमजयंतीच्या आधी विहारातल्या रविवारच्या वर्गात तिने लहान मुलांना छाप काढायला शिकवले. लहानांच्या हाती कोरणी नको म्हणून लिनोऐवजी पुठ्ठा घेतला. मुलांनी स्तूप, पिंपळपान, धम्मचक्र, पुस्तक आणि पेन असे आकार कापले व दुसऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवले. प्रत्येकाने दोन प्रती काढल्या, एक विहाराला आणि एक घराला. सगळ्या सुबक नव्हत्या. काही चक्रांचे आरे मोजले तर चोवीस भरत नव्हते, तेव्हा मुलांनी ती पुन्हा केली. पण घरी गेल्यावर त्यांतली बरीच भिंतीला लागली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

घरी करून पाहण्यासाठी

१. मुलांसाठी पुठ्ठ्याचा ठसा उत्तम. जाड पुठ्ठ्याचे आकार कापून दुसऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवावेत. वरून गोंदाचा पातळ हात द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावे, म्हणजे शाईने पुठ्ठा फुगत नाही.

२. रूळ नसेल तर जुन्या सुती कापडाचा घट्ट बोळा करून त्याने शाई टिपटिपून लावावी. घासून लावू नये.

३. पहिल्या दोन-तीन प्रती वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर काढाव्यात. ठसा नीट वाटला की मगच चांगला कागद घ्यावा.

४. प्रत्येक प्रत सारख्या जागी यावी म्हणून पाटावर पुठ्ठ्याचा काटकोन चिकटवावा. ठसा आणि कागद दोन्ही त्या कोपऱ्यात टेकवावेत.

५. तेलाची शाई धुण्यासाठी आधी थोडे गोडेतेल लावून जुन्या कागदाने पुसावे, मग साबण. त्यामुळे रॉकेल लागत नाही आणि बंद खोलीत वासही कोंडत नाही. शाईची फडकी चुलीजवळ ठेवू नयेत.

६. अक्षर किंवा माणसाचे चित्र असेल तर कोरण्यापूर्वी ठसा आरशात पाहावा.

चित्रकलेने पोट भरेल का, हा प्रश्न आपल्या घरांत येतोच आणि तो रास्त आहे. आम्हालाही तो आहे. शाळेत असतानाच मुलांना एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसवावे. पुढे कला शिक्षक पदविका आहे, छपाईचे उद्योग आहेत, कापडावरची स्क्रीन छपाई आहे. आपल्या वस्त्यांत लग्नपत्रिका, फलक, टी-शर्ट छापणारे तरुण आहेतच. ज्याला ठसा कळला त्याला ही कामे परकी नाहीत. हमी कुठल्याच शिक्षणात नसते. पण यंत्र नाही म्हणून मुलीने शिक्षण सोडावे, ही वेळ तरी आपण येऊ देऊ नये.

भाज्याला जायचे तर पावसाळा संपल्यावर जावे. पावसात गर्दी फार आणि पायऱ्या निसरड्या. सकाळची लोकल धरावी, पाणी व शिदोरी बरोबर घ्यावी आणि कचरा परत आणावा. मळवलीहूनच दुसऱ्या बाजूला कार्ल्याचे महाचैत्य आहे. तेथील शिलालेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीबरोबर धेनुकाकटाच्या एका सुताराचेही नाव आहे. वृद्ध माणसे बरोबर असतील तर एका दिवशी एकच ठिकाण ठेवावे. आणि मुलांना मोबाइलबरोबर एक वही आणि पेन्सिलही द्यावी. फोटो निघतोच. पण बसून काढलेला स्तूप हातात राहतो, आणि हातातून ठशात, ठशातून दहा घरांत जातो.

जयभीम! नमो बुद्धाय!